निळ्या रेषेवरचे भाऊजी

रविवार, सोळा तारीख, सकाळचे साडेदहा. स्थळ: सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाकीची सावली. उपस्थित: अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, इतर सतरा सभासद, सचिव या नात्याने मी आणि तळमजल्यावरचे भाऊजी. अनुपस्थित: माझे यजमान (कारण: डोकेदुखी). विषय एकच: आपली इमारत नदीच्या नक्की किती आत आहे.

इथपर्यंत माझ्या वहीत सगळं नीट आहे. पुढचं पान मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, आणि त्याला कारण भाऊजी. अख्ख्या पुण्यात नदीला इतक्या गांभीर्याने घेणारा दुसरा माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. बाकीचे पुणेकर पुलावरून जाताना गाडीची काच वर करतात. भाऊजी काच खाली करतात, दीर्घ श्वास घेतात आणि मागच्या सीटवरच्या माणसाला सांगतात, "कालच्यापेक्षा बरी आहे."

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे मावसभाऊ. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत आम्हाला जागा त्यांनीच दाखवली. तीस वर्षं एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथून निवृत्त झाले, पण नाक निवृत्त झालं नाही. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात आला की आधी नाकाशी जातो, मग उजेडात, आणि सगळं पटलं तर ओठाशी. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी कौतुकाने त्यांना पहिला पेला दिला. त्यांनी वास घेतला आणि पेला अलगद टेबलावर ठेवला. "वहिनी, वरची टाकी कधी धुतली?" मी म्हटलं, यादीत आहे, तिसऱ्या क्रमांकावर. "असं होय. मग तेवढं पाण्यालाही कळवा." पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीला आम्ही नारायण पेठेत गेलो होतो, तेव्हा मुलीकडच्यांनी आधी पाणी आणलं. भाऊजींनी हुंगलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "क्लोरीन बेताचं, भांडं स्वच्छ. माणसं चांगली आहेत." मुलीचे वडील गोंधळून हात जोडून उभे राहिले. ते लग्न झालं आणि चांगलं चाललं आहे, हेही नोंदवून ठेवते.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची रांग आहे. प्रत्येकीत नदीचं पाणी, प्रत्येकीवर वार आणि ठिकाण. हे नमुने ते कुठेच पाठवत नाहीत. नुसते ठेवतात आणि दर आठवड्याला रंग बघतात. सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींनी गंगाजल मागितलं, तेव्हा कुणीतरी धावत जाऊन भाऊजींच्या खिडकीतली बाटली उचलून आणली. गुरुजींनी झाकण उघडलं, आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हा माणूस मांडवाच्या टोकावरून ओरडला, "गुरुजी, थांबा! ते नाल्याच्या तोंडाचं आहे!" मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "देवाचं मला माहीत नाही, पण तीर्थ घेणाऱ्यांना नाही चालायचं."

धरणातून पाणी सोडलं की फोनवर सगळ्यांनाच क्युसेकचे आकडे येतात. ते आकडे सगळे एकमेकांना पाठवतात आणि अर्थ कुणालाच कळत नाही. भाऊजी त्याचं भाषांतर पायऱ्यांत करतात. आमच्या कंपाउंडच्या मागे नदीकडे उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. दुपारी त्यांचा फोन येतो, "वहिनी, संध्याकाळपर्यंत वरून तिसरी बुडेल. गाड्या काढायला सांगा." आणि तिसरी बुडते. एखाद्या वर्षी नदी तिसरीवर थांबत नाही, त्यांच्या घरात येते. मग भाऊजी ठरलेल्या क्रमाने सामान वर चढवतात: आधी बाटल्या, मग धान्याचे डबे, मग गादी, शेवटी आपण स्वतः खाटेवर. पाणी ओसरलं की दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी साल लिहितात. लोक मुलांची उंची लिहितात तसं. मी एकदा विचारलं, राग नाही येत का हो तुम्हाला? "येते, टेकते, जाते," ते म्हणाले. "पाहुण्यांपेक्षा बरी. चहा मागत नाही."

आता त्या रविवारच्या सभेकडे येते. आमची इमारत जुनी झाली आहे. छताचे पोपडे पडतात, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गुडघ्यांमुळे आठवड्यातून दोनदाच खाली उतरतात. म्हणून सगळ्यांना पुनर्विकास हवा आहे, आणि मलाही हवा आहे. मधे नदी आहे. नदीच्या दोन पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही, लाल रेषेच्या आत अटी पाळून करता येतं. त्यात सरकारने नदीचं पाणी आणि काठ राखण्यासाठी नव्या कायद्याचा मसुदा काढला. त्यात तिसरी एक रेषा, काठापासून मोजायची, आणि तिच्या आतही नवं बांधकाम नाही. ज्यांना हरकती-सूचना द्यायच्या असतील त्यांनी मुदतीत द्याव्यात. थोडक्यात, इमारत चुकीच्या रेषेच्या आत निघाली तर आमचा पुनर्विकास तिथेच संपला.

अध्यक्षांनी नकाशा आणला होता. मूळ नकाशा रंगीत होता, पण अध्यक्षांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या पंचवीस झेरॉक्स काढल्या आणि मूळ नकाशा रिक्षात विसरले. झेरॉक्सवर निळी रेषा काळी, लाल काळी आणि तिसरीही काळीच होती. एक इमारतीच्या मागून जात होती, एक पार्किंगमधून आणि एक थेट फाटकावरून. पाऊण तास आम्ही बावीस सुशिक्षित माणसं त्या तीन काळ्या रेषांकडे बघत होतो. वकीलसाहेब घटस्फोटाच्या खटल्यांत नावाजलेले आहेत, पण कायदा म्हणजे कायदाच, म्हणून त्यांचं मत घेतलं. ते म्हणाले, "मागची निळी मानायला हरकत नसावी." का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी बाईंनी पिशवीतून स्केचपेनं काढली आणि अध्यक्षांनी प्रश्न मताला टाकला. ठराव क्रमांक एक: इमारतीच्या मागची रेषा निळी समजावी. बाजूने सतरा, विरोधात एक, तटस्थ बाकीचे. ठराव क्रमांक दोन: फाटकावरची लाल समजावी. पार्किंगमधली तिसरी कुठल्या रंगाची, यावर एकमत होईना, म्हणून ती तशीच काळी ठेवली, आणि याच नकाशासह सोसायटीची हरकत माझ्या सहीने पाठवायचं ठरलं.

विरोधातलं एक मत कुणाचं, हे सांगायला नको. भाऊजींनी हात वर करून विचारलं, "ही तिसरी काठापासून मोजायची म्हणता. काठ कुठला? मे महिन्यात नदी पलीकडच्या खडकाला चिकटलेली असते. ऑगस्टात माझ्या स्वयंपाकघरात."

"कायद्यात काठ म्हणजे काठ," वकीलसाहेब म्हणाले.

"बरं. म्हणजे मी रोज काठावर जेवतो."

"भाऊजी, विषयाला धरून बोला," अध्यक्ष म्हणाले. "ठराव झालाय."

"झाला ना? मग नदीला एक प्रत पाठवा."

हे मी इतिवृत्तात लिहिलं, अध्यक्षांनी खोडायला लावलं, मी पुन्हा लिहिलं. पान तेव्हापासूनच खराब आहे.

पुढच्या आठवड्यात मोजणीसाठी सरकारकडून सर्वेक्षक बाई येणार असं कळलं. मी यादी केली: एक, जिना धुणे. दोन, मागचं कंपाउंड साफ करणे. तीन, भाऊजी. तिसऱ्या कामासाठी मी स्वतः खाली गेले आणि स्पष्ट म्हटलं, "भाऊजी, त्या बाईंना काही सांगू नका. पाणी आत येतं वगैरे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे गुडघे आठवा. सगळ्यांच्या घराचा प्रश्न आहे, तुमच्याही. नव्या इमारतीत तुम्हाला चौथ्या मजल्यावर कोरडं घर मिळेल." त्यांनी खिडकीतली एक बाटली उजेडात धरून रंग पाहिला. मग म्हणाले, "मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही सांगताय म्हणून."

सर्वेक्षक बाई आल्या तेव्हा भाऊजी आपल्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते, हाताची घडी घालून. बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: पुराचं पाणी कुठवर येतं? अध्यक्ष म्हणाले, कंपाउंडपर्यंत. वकीलसाहेब म्हणाले, येतं असं म्हणतात. मुख्याध्यापिका बाई वरच्या खिडकीतून म्हणाल्या, "इथून पाहिलं तर फारसं दिसत नाही हो." मग सर्वेक्षक बाई भाऊजींकडे वळल्या. भाऊजींनी खरोखर तोंड उघडलं नाही. नुसते उठले, आत जाऊन पेलाभर पाणी आणलं, नेमाने हुंगलं आणि बाईंपुढे धरलं. उन्हातून आलेल्या बाई सावलीला म्हणून उंबऱ्यापर्यंत गेल्या, पाणी प्यायल्या, आणि पेला परत देताना त्यांची नजर चौकटीवर गेली. एकाखाली एक पेन्सिलीच्या रेघा, शेजारी साल. सगळ्यात वरची रेघ बाईंच्या गुडघ्याच्या थोडी वर होती. बाईंनी फोटो काढला, टेप लावला आणि विचारलं, "काका, हे तुम्ही लेखी द्याल का? हरकती-सूचनांची मुदत अजून संपलेली नाही."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी लेखी दिलं.

मी तावातावाने खाली गेले. "शब्द दिला होतात तुम्ही!"

"मी कुठे बोललो, वहिनी? बाईंना तहान लागली होती."

"आणि लेखी दिलंत ते?"

"लिहिणार नाही असं कुठे म्हणालो होतो?" ते हसले नाहीत. टेबलावर बिल्डरने वाटलेला नव्या इमारतीचा आराखडा होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "माझं घर चौथ्या मजल्यावर, बरोबर. मुख्याध्यापिका बाईंना लिफ्ट, तेही बरोबर. इथे खाली बघा. पार्किंग. आणि हा कोपऱ्यातला चौकोन काय आहे?"

मी वाचलं. वॉचमनची खोली. नदीकडच्या कोपऱ्यात, जमिनीला लागून.

"मला निदान रेघा मारायची सवय आहे," भाऊजी म्हणाले. "तो नवीन असेल. बायको-मुलं घेऊन येईल. त्याला कोण सांगणार?"

मी घरी येऊन वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले: एकात बाईंचे गुडघे, छताचे पोपडे, एकवीस कुटुंबं, दुसऱ्यात तो चौकोन. दोन्ही रकाने भरले, बेरीज होईना. खोली वरच्या मजल्यावर न्यायची सूचना मी अध्यक्षांना केली. ते म्हणाले, "वॉचमन वर, मग फाटकावर कोण?" यजमानांना विचारलं, तर त्यांचं पुन्हा डोकं दुखायला लागलं. निळी रेषा कुठे असावी, याचं उत्तर माझ्याकडे रोज वेगळं असतं. सकाळी जिना चढताना ती इमारतीच्या मागे असावीशी वाटते आणि दुपारी खाली उतरले की फाटकावर.

सोसायटीत भाऊजींशी बोलणं बहुतेकांनी सोडलं. वकीलसाहेब जिन्यात दिसले तर मान वळवतात. मुख्याध्यापिका बाई मात्र परवा मला म्हणाल्या, "माणूस खोटं बोलत नाही, हाच त्याच्याशी भांडणाचा मुद्दा आहे." अशातच भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलगी त्यांना हडपसरला आपल्या घरी घेऊन गेली. खालचं दार बंद झालं. आता दुपारी मला कुणाचा फोन येत नाही, आणि त्या वेळेला फोन जवळ ठेवायची सवय काही जात नाही.

गेल्या मंगळवारी भाऊजींच्या नावाने पत्र आलं. त्यांच्या हरकतीवर सुनावणी आहे, स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावं. पत्र घेऊन मी हडपसरला गेले. मुलीचं घर अकराव्या मजल्यावर आहे. भाऊजी पाय लांब करून खिडकीशी बसले होते. खाली सगळे रस्ते आणि गाड्या. बारीक झाले होते. मुलीने पाणी दिलं, ते त्यांनी न हुंगता प्यायलं.

पत्र वाचून त्यांनी मुलीकडे कागद मागितला आणि अधिकारपत्र लिहायला घेतलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव.

"अहो, मी सचिव आहे. सोसायटीची हरकत अगदी उलट आहे. माझीच सही आहे तिच्यावर."

"माहीत आहे."

"मग मी तिथे उभी राहून काय सांगू?"

"माझं काही सांगू नका. ज्या वर्षी सगळ्यात वर आलं, तेव्हा धान्याचे डबे उचलायला तुम्ही आला होतात. पाणी कुठवर होतं?"

"मांडीपर्यंत," मी म्हटलं.

"तेवढंच विचारतील."

परतीच्या बसमध्ये मी तो कागद चार वेळा वाचला. अक्षर पूर्वीसारखंच गोल आहे, सही मात्र थोडी हलली आहे. प्रतिनिधीने खाली स्वीकृतीची सही करून सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत द्यायची आहे. सुनावणी परवा आहे, म्हणजे द्यायचा दिवस उद्याचा. अधिकारपत्र माझ्या वहीत आहे, पेन शेजारी आहे, आणि माझी सही अजून व्हायची आहे.