अनुपमाची खुर्ची

सुरेशभावजींना पोकर मी शिकवला, त्यामुळे पुढचं थोडंफार पाप माझ्याच माथी आहे. मी मृणालिनी, राहणार अल मनखूल, दुबई. दर शनिवारी चार वाजता आमच्या ओळखीतल्या दहा-बारा मराठी लोकांची ऑनलाइन टूर्नामेंट असते आणि तिची मुकादम मी. नावं घालायची, उशीर करणाऱ्यांना झापायचं, भांडणं मिटवायची. पैशाचा संबंध नाही, चिप्स ॲपच्या फुकटच्या. रास अल खैमाला म्हणे मोठा कॅसिनो होतोय. तो उघडला की पहिल्या दिवशी रांगेत उभं राहायचं असं भावजींनी ठरवून ठेवलंय. एकदा सुट्टीत गोव्याच्या कॅसिनोतल्या टूर्नामेंटमध्ये ते नववे आले होते. चांगले पत्ते आले की त्यांचे कान लाल होतात, तिथे कानांनीच घात केला. ऑनलाइन कान दिसत नाहीत, म्हणून आमच्यात ते जिंकतात.

भावजी उम्म अल कुवैनच्या एका पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. एकोणीस वर्षं अल नहदातल्या एकाच बिल्डिंगमध्ये. सकाळी सहाला गाडी काढायची, रात्री आठला दार वाजवायचं. ते दार त्यांची बायको अनुपमा उघडायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला, ईश्वरीला, पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तिला सेट करून येते म्हणून अनुपमा गेली आणि तिथेच राहिली. दार आता भावजी स्वतःच्या किल्लीने उघडतात.

आपला व्हिसा म्हणजे नाजूक प्रकरण. सहा महिन्यांच्या आत एकदा इथे पाय लावला नाही तर तो गेला. म्हणून अनुपमा पाय लावायला यायची. पहिल्यांदा दहा दिवस आली, मग पाच, मग तीन. तीन दिवसांत तिने आमटीचे डबे भरून, वर तारखा लिहून फ्रीजर गच्च केला. भावजींनी ते महिनोन्महिने पुरवून खाल्ले. शेवटचा डबा मात्र त्यांनी उरवून ठेवला होता, हे मला खूप नंतर कळलं.

खरी भेट शनिवारच्या टेबलावर व्हायची. फोनवर दोघांचं ‘जेवलास का’च्या पुढे जात नसे. टेबलावर मात्र अनुपमा पुण्याहून खेळायची आणि चॅटमध्ये नवऱ्याची यथेच्छ खेचायची. पुढे पुढे तिची खुर्ची करडी दिसायला लागली. आमच्या ॲपमध्ये माणूस जागेवर नसला की खुर्ची करडी होते. पत्ते त्याला वाटले जातात, ॲप ते आपोआप टाकून देतं आणि पाळी आली की सक्तीच्या चिप्स त्याच्याकडून आपोआप टेबलावर जातात; त्यांचा आकडा, म्हणजे लेव्हल, ठरावीक वेळाने वाढत जातो. अशा माणसाला बाकीचे अर्ध्या तासात संपवतात. भावजी तिच्या चिप्सना हात लावायचे नाहीत, वर दुसरा कोणी लावायला गेला तर त्यालाच बाहेर काढायचे. हे सरळसरळ नियमाबाहेर होतं. आमच्यातल्या अनिलने तशी तक्रारही केली. मी त्यालाच गप्प बसवलं.

गेल्या नोव्हेंबरात तिची सहा महिन्यांची मुदत एका रविवारी संपत होती. शनिवारचं तिकीट भावजींनीच काढलं होतं, संध्याकाळी पावणेसातला दुबईत उतरणारं. सकाळी तिने बॅग भरल्याचा मेसेज केला. मग मला टूर्नामेंटसाठी नावही घालायला सांगितलं. चार वाजता खेळ सुरू झाला तेव्हा तिची खुर्ची करडी होती आणि भावजी पहिल्यांदाच त्या करड्या खुर्चीवर खूश होते.

साडेपाचला टेबलावर दोघंच उरले, ते आणि ती खुर्ची. त्यांनी मनात आणलं असतं तर दहा मिनिटांत जिंकले असते. पण तिची पाळी आली की ॲप तिचे पत्ते टाकायचं, आणि यांची आली की हे आपले टाकायचे. चिप्स इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी फोन लावला.

“वहिनी, चिप्सची लेव्हल वाढवू नका ना, प्लीज. फ्रीज करा,” ते म्हणाले. “अनू फ्लाइटमध्ये आहे, फोन ऑफ असणार. मी एअरपोर्टलाच बसलोय. उतरली की लास्ट हँड ती स्वतः खेळेल.”

इतकं एका दमात बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी लेव्हल थांबवली. सव्वा तास मी आमटी ढवळता ढवळता ओट्यावरच्या टॅबकडे बघत होते आणि खरं सांगते, मलाही वाटत होतं की विमान लवकर उतरावं.

सहा पन्नासला अनुपमाची खुर्ची उजळली. भावजींनी लगेच चॅटमध्ये लिहिलं, “उतरलीस? बाहेर ये, समोरच उभा आहे.”

 तिचं उत्तर आलं. “सुरेश, मी घरी आहे. लोहगावच्या एअरपोर्टपर्यंत गेले होते. परत आले.”

भावजींनी विचारलं की ईश्वरीला बरं नाही का. ती म्हणाली, ईश्वरी छान आहे. मग तिने लिहिलं, “सतरा वर्षं त्या फ्लॅटमध्ये तू यायची वाट बघत बसले. आता नाही बसवत. हा गेम संपव.”

मी ते वाचायला नको होतं. पण टॅब बंद करायला हात उठेना. सतरा वर्षं ती माझी मैत्रीण होती आणि ‘तुला इथे करमतं का’ एवढी साधी गोष्ट मी तिला कधी विचारली नव्हती, याची मला लाज वाटली.

पत्ते वाटले गेले. अनुपमाने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या. भावजींनीही सारल्या. पत्ते उलटले तेव्हा तिच्याकडे काहीच नव्हतं, यांच्याकडे दोन राजे. ॲपने अभिनंदन केलं, रंगीत कागद उडवले आणि सगळ्या रिकाम्या खुर्च्या पुसून टाकल्या. टेबलावर एकटे भावजी राहिले.

तासाभराने त्यांचा फोन आला. ते अजून एअरपोर्टवरच होते, मागे सामानाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट चालला होता. मी म्हटलं, भावजी, जेवायला इकडेच या. ते म्हणाले, नको, फ्रीजरमध्ये तिच्या आमटीचा एक डबा ठेवलाय, आज ती ताजी करेल म्हणून उरवला होता, तोच गरम करतो.

मग म्हणाले, “वहिनी, नेक्स्ट सॅटर्डेला तिचं नाव घालाल ना? ती नाही खेळणार, आय नो. पण पत्ते तर वाटले जातात.”

मी घालते. दर शनिवारी घालते.