अहिंसक शिकाऱ्याचं संग्रहालय

शिकारीवर माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं आजवर कुठल्या वाघानंही केलं नसेल. आणि तरी त्यांच्या हातून साधा डास मेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. डास हातावर बसला की ते फुंकर मारून त्याला उठवतात आणि वर "जा बाबू, दुसरं घर पाह्य" असा सल्लाही देतात. घरात अंडं शिजत नाही. लहानपणी कन्हान नदीवर गळ टाकून बसायचे, पण मासा लागला की त्याची माफी मागून परत पाण्यात सोडायचे, हे त्यांनीच मला अभिमानानं सांगितलं आहे. आजोबा मात्र त्यांचे नामांकित शिकारी होते म्हणे. त्या आजोबांनी मारलेला वाघ मी लग्न होऊन या घरात आलो तेव्हा आठ फुटांचा होता, तो आता अकरा फुटांवर गेला आहे. मेल्यावरही वाढणारा जगातला हा एकच वाघ असावा.

कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडांना शाळेत पोचवतात. मामाजींनी कामठीच्या पुढे, नदीकाठच्या आपल्या आमराईत, शिकारीचं आणि मासेमारीचं संग्रहालय काढायचं ठरवलं. इमारत नाही, काच नाही. झाडं हेच खांब आणि आभाळ हेच छप्पर. "कपाटात ठेवलेला भाला म्हणजे पेन्शनीतला माणूस, जावईबापू," असं ते म्हणाले. खाकी टोपी त्यांनी त्याच दिवशी विकत घेतली. ती घालूनच ते भाजी आणायला जात, आणि वांगी पारखताना इतके दबा धरून उभे राहत की भाजीवाली बाई बिचकून म्हणायची, "काका, वांगं हाय ते, पळत नाही."

शिकारी जंगलात बोलत नाहीत, खुणा करतात, हे कळल्यापासून मामाजी लग्नसमारंभातही खुणा करू लागले. उघडा तळहात खाली म्हणजे बसा, दोन बोटं म्हणजे उजवीकडून या, आवळलेली मूठ वर म्हणजे जागच्या जागी थांबा. एका भाचीच्या वरातीत मामींना थांबवायला त्यांनी मूठ वर केली आणि अख्खा बँड थांबला. नवरदेवाची घोडीसुद्धा थांबली. मामी तेवढ्या थांबल्या नाहीत, कारण चाळीस वर्षांत त्या मामाजींच्या कुठल्याच खुणेवर थांबलेल्या नाहीत.

आमराईच्या टोकाला मोहाचं झाड आहे. त्यावर त्यांनी मचाण बांधलं आणि पहिला प्रेक्षक म्हणून मला वर चढवलं. दोन तास हलायचं नाही, खोकायचं नाही, तंबाखू नाही. दीड तासानं एक म्हैस आली. ती खाली उभी राहून आमच्याकडे बघत राहिली आणि मामाजी माझ्या कानात कुजबुजले, "श्वास हळू घ्या, वास लागून राहिला तिले." म्हशीला वासाचं काही पडलेलं नव्हतं. ती बघून कंटाळली आणि निघून गेली, पण मामाजींच्या डोळ्यांत त्या वेळी जो आनंद होता तो मी एरवी फक्त लहान मुलांच्या डोळ्यांत पाहिला आहे.

पुढे हाकाऱ्याची तालीम झाली. पूर्वी गावकरी डबे, ढोल वाजवत रान घेरायचे आणि जनावर शिकाऱ्याच्या पुढ्यात आणायचे, त्याला हाकारा म्हणतात. ते प्रेक्षकांना करून दाखवायचं, म्हणून एका रविवारी आम्ही अठरा नातेवाईक तेलाची पिंपं बडवत झुडपांतून निघालो. माझ्या साडूंनी तर कुकरचं झाकण आणलं होतं. समोरच्या झुडपातून कॉलेजातलं एक जोडपं निघालं आणि गाडीची किल्ली शोधत पळालं. मामाजींनी वहीत शांतपणे नोंद केली: "दोन. नर-मादी. घाबरलेले." पण त्याच दिवशी, पोहे खाताना, ते मला म्हणाले, "बंदूकवाल्याचा फोटो सगळ्यांच्या दिवाणखान्यात असते. ज्यायनं डबे वाजवले, ज्यायनं जाळे फेकले, त्यायचा कुठं असते, सांगा." तेव्हापासून मी त्यांना हसतो, पण जरा सांभाळून हसतो.

या साऱ्या खटाटोपात त्यांचा जीव अडकला होता तो एका जाळ्यात. नदीकाठच्या कन्हान गावात आबाजी म्हणून एक म्हातारे मच्छीमार आहेत. शाळा बुडवून नदीवर येणाऱ्या मामाजींना गळाला गांडूळ कसं लावायचं ते यांनीच शिकवलं. त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं विणलेलं, पाण्यावर गोल उघडणारं ते जाळं संग्रहालयाच्या ऐन मध्यभागी लावायचं, नाहीतर संग्रहालय उघडायचंच नाही, असं मामाजींनी जाहीर केलं होतं. दोन वर्षं ते आबाजींकडे खेपा घालत होते. शेवटी आबाजींचे गुडघे पाण्यात उतरेनासे झाले आणि एका सकाळी ते म्हणाले, "ने गा. फक्त दोन दिवस थांब, मधात फाटलं हाय, सांधून देतो."

इथे मामाजींची बुद्धी आडवी आली. कुठल्याशा तज्ज्ञाच्या व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं की जुन्या वस्तूची डागडुजी करू नये, जशी मिळाली तशीच ठेवावी. शिवाय म्हाताऱ्याचं मन बदलेल ही धास्ती होतीच. "हात नोका लावू आबाजी, फाटलेलंच पाह्यजे मले," असं म्हणत त्यांनी ते जाळं स्कूटरवर टाकलं आणि घरी आले.

उद्घाटन जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी झालं. तर्री पोहे होते, ऊन कोवळं होतं, आणि प्रत्येक झाडावर लाल अक्षरांत "हात लावू नका" अशी पाटी होती. वीजकेंद्राची सवय, एका पाटीवर हाडं-कवटीही काढली होती. उद्घाटक आबाजी. धुतलेलं धोतर नेसून, नातसुनेचा हात धरून ते आले, आणि फितीशी पोचण्याआधीच थबकले. समोर दोन आंब्यांच्या मध्ये दोरीवर त्यांचं जाळं पसरलं होतं, आणि मधल्या भोकातून नदी दिसत होती.

"हे काहून टांगलं गा?" आबाजींनी विचारलं. "आमच्या घरात फाटलं जाळं टांगत नाही. माणूस गेल्यावर टांगते. मी मेलो काय?"

साठ-सत्तर माणसं जाळ्याकडे बघू लागली. मामाजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्यांनी खुणा केल्या नाहीत, तज्ज्ञाचं नाव घेतलं नाही. टोपी काढली, स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हातानं, "हात लावू नका"च्या पाटीखालीच, जाळं उतरवलं. मग ते आबाजींच्या पुढे खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माह्यं. सांधा तुम्ही. मी दोरा धरतो."

आबाजींनी बंडीच्या खिशातून बांबूची सुई काढली. ती ते अजूनही जवळ बाळगतात. पुढचे दोन तास उद्घाटन म्हणजे एवढंच: एक म्हातारा गाठी मारतो आहे आणि दुसरा म्हातारा दोरा धरून बसला आहे. हळूहळू लोक जवळ सरकले. साडूंनी बोट लावून गाठ कशी पडते ते विचारलं, मामींनी पोह्यांची बशी आबाजींच्या गुडघ्याशी ठेवली, आणि भोक लहान लहान होत बुजून गेलं. फीत कुणी कापली ते मला आठवत नाही. बहुधा कापलीच नाही.

काम संपल्यावर मामाजींनी जाळं स्वतःच घडी करून आबाजींच्या खांद्यावर ठेवलं. आबाजी हसले. "मी गेलो का घेऊन ये," ते म्हणाले, "मंग टांग खुशाल."

आता संग्रहालयात रोज दहा-वीस माणसं येतात. भाले बघतात, मचाणावर चढतात, आणि मध्यभागी रिकामी दोरी बघून विचारतात की इथे काय आहे. मामाजी सांगतात, इथं आमच्या आबाजीचं जाळं लागणार हाय. दोन वर्षं त्या जाळ्यासाठी जिवाचं रान करणारा हा माणूस आता रोज सकाळी स्कूटरनं कन्हानला जातो, आबाजींसोबत चहा पितो, त्यांच्या खोकल्याची चौकशी करतो आणि ते काठीनं नदीपर्यंत चालून आले की हरखून परत येतो. परवा एका पाहुण्यानं विचारलं, "कधी लागणार ते जाळं?" मामाजींनी त्या दोरीवर पडलेलं वाळकं पान झटकलं.

"घाई नाही, बापू," ते म्हणाले. "बिलकुल घाई नाही."