फोमच्या हरणाशेजारचं हरीण

माझा नवरा जानेवारीत गेला. ऑफिसमध्ये, दुपारची मीटिंग संपल्यावर, खुर्चीतच. मार्चमध्ये त्याच्या तिरंदाजी क्लबमधून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. आधी त्यांनी दुःख व्यक्त केलं, मग जरा अडखळत म्हणाले, त्याचं धनुष्य क्लबच्या सामानाच्या कंटेनरमध्येच पडलं आहे. तुम्ही न्यायला याल, की मी घरी आणून देऊ?

"आम्ही येऊ," मी म्हणाले. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत असे. नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं.

चार वर्षं तो दर रविवारी तिथे जात होता. मी एकदाही गेले नव्हते. ब्रॅकनेलपासून अर्ध्या तासावर जंगलाचा एक तुकडा, त्यात फोमचे प्राणी ठेवलेले: रानडुक्कर, कोल्हा, अस्वल, हरणं. इंग्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून ही मंडळी खोट्या प्राण्यांची शिकार करतात. पायवाटेने चालायचं, जमिनीत ठोकलेली खुंटी दिसली की थांबायचं, झाडीत लपलेला प्राणी शोधायचा आणि बाण मारायचा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे का करावं, मला कधी कळलं नाही. मी रविवारी कपडे धुवायला टाकायचे आणि पुण्याला फोन करायचे.

तो गेल्यावर दोन आठवड्यांत मी हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला परत गेले. औषधं मोजण्यात एकही चूक झाली नाही. जेवत होते. झोपही लागत होती, याची मला स्वतःलाच लाज वाटायची. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ आपला असूनही आपला वाटत नाही, बोट लावून बघावं लागतं. तसं सगळं होतं. फक्त ते उतरत नव्हतं.

माझ्या मोठ्या नणंद लंडनमध्ये, पिनरला राहतात. त्या दर शनिवारी डबे घेऊन यायच्या. भावाच्या फोटोपाशी बसून आधी स्वतः रडून घ्यायच्या, मग माझ्याकडे वळायच्या.

"अगं, एकदा रडून मोकळी हो. असं कोंडून ठेवू नये."

"कोंडलेलं काही नाही, ताई," मी सांगायचे. "खरंच नाही."

त्यांना ते पटत नसे. मलाही पटलं नसतं. एकदा त्यांच्या समाधानासाठी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. काही आलं नाही. मग बेसिन घासून बाहेर आले.

धनुष्य आणायला मी आणि मुलगी गेलो. ती पंचवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी थोडं चुकत बोलणारी, जानेवारीपासून माझ्याकडे राहायला आलेली. ते गृहस्थ गेटपाशीच उभे होते. सत्तरीच्या पुढचे, उंच, हिरव्या वॅक्स जॅकेटचे कोपर झिजलेले. त्यांनी कंटेनर उघडला, धनुष्याची लांब पिशवी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याच्याशिवाय इथे फार शांत झालंय. केवढा बोलायचा."

"माय डॅड?" मुलीने विचारलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याबरोबर हा माणूस ब्रॅकनेलहून पिनरपर्यंत गप्प गाडी चालवायचा आणि पार्किंग मिळालं की तेवढं सांगायचा.

"अखंड," ते म्हणाले. "साताऱ्याची शाळा, विहिरीत पोहायला शिकताना कुणी ढकललं, कुठला आंबा कशाला चांगला. विनोद सांगायचा आणि इंग्रजीत त्यात काहीच उरायचं नाही, तरी स्वतःच हसायचा. आम्ही म्हणायचो, अरे गप्प बस, प्राणी पळून जातील."

"प्राणी तर फोमचे आहेत," मी म्हणाले.

"तेच तो म्हणायचा."

परतीच्या वाटेवर मुलगी गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "आपल्याशी का नाही बोलला?"

"माहीत नाही."

"तू विचारलं नाही कधी?"

"काय विचारायचं होतं?"

ती रडायला लागली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तिने गिअर टाकला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायला हवा हे मला माहीत होतं, म्हणून.

पुढे क्लबमध्ये नवशिक्यांचे वर्ग सुरू झाले आणि तिने दोघींची नावं दिली. मला आधी विचारलं नाही. ते बरंच केलं. त्याचं धनुष्य मला ओढता येणं शक्य नव्हतं, पण असल्या धनुष्याची वरची आणि खालची पाती मधल्या मुठीपासून सुटी होतात. गृहस्थांनी त्याची जड पाती काढून क्लबमधली हलकी लावून दिली. मूठ त्याचीच राहिली. तिच्यावर त्याने बॅडमिंटनच्या रॅकेटची निळी पट्टी गुंडाळलेली होती आणि अंगठ्याच्या जागी ती झिजून काळी पडली होती. मी तिथे अंगठा ठेवला. काही विशेष वाटलं नाही. मूठ हाताला बरोबर बसत होती.

तरी मी जात राहिले. मुलगी न्यायची, हे एक. दुसरं म्हणजे ते गृहस्थ दर वेळी चालता चालता त्याच्याबद्दल एखादी गोष्ट सांगायचे, आणि ती गोष्ट मी ऐकलेली नसायची. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाबद्दल मी एका परक्याकडून ऐकत होते. वाईट वाटायला हवं होतं. मी ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या रविवारपर्यंत ते डोक्यात कुठेतरी नीट ठेवलेलं असायचं.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही तिघं फिरत होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. नेचे तांबूस होऊन आडवे झाले होते आणि बुटाखाली चेस्टनटची टरफलं फुटत होती. एका उतारावर खुंटी होती, आणि खाली मोकळ्या जागेत फोमचं हरीण. त्याचा एक कान कुणाच्या तरी बाणाने उडालेला, बरगड्यांवर वर्तुळं कोरलेली. पाळी माझी होती.

बाण लावला, बोटांवरची चामड्याची पट्टी सारखी केली आणि दोरी ओढली. डावा हात ताठ, उजव्या हाताचं पहिलं बोट ओठाच्या कोपऱ्याला, दोरी हनुवटीला टेकलेली, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आवळलेला. इथे फार थांबायचं नसतं. श्वास अर्धा सोडायचा आणि बोटं सैल करायची.

तेवढ्यात नेच्यांमधून दुसरं हरीण बाहेर आलं.

लहानसं, रो जातीची मादी असावी, शिंगं नव्हती. ती सरळ फोमच्या हरणापाशी आली, त्याच्या मानेचा वास घेतला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आई," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तो हरीण खरा आहे."

मला दिसत होतं. मी हलले नाही. बाणाचं टोक मात्र थोडंसं सरकलं. मी सरकवलं असं नाही. नजर हलत्या गोष्टीकडे जाते आणि हात नजरेच्या मागे जातो. आता टोकापुढे वर्तुळं नव्हती. ओली केसाळ कूस होती, आत-बाहेर होणारी.

मला दया आली नाही. भीतीही वाटली नाही, मोहही झाला नाही. नंतर नणंदेला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बाई गं, छातीत धस्स झालं असेल. झालं नव्हतं. समोर दोन हरणं होती आणि त्यातलं एक श्वास घेत होतं. हा फरक डोळ्यांना दिसत होता, पण आत जाऊन कुठे टेकत नव्हता. बोटं सैल केली असती तर काय झालं असतं हे मला शब्दांत माहीत होतं, जसं औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तसं.

हरणाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. कान पुढे झाले. धनुष्य खाली घ्यावं हे मला कळत होतं, पण हललं की ते जाणार हेही कळत होतं. आणि ते जाऊ नये असं मला वाटलं. एवढंच वाटलं. म्हणून मी दोरी ओढलेलीच ठेवली.

हात थरथरायला लागला. आधी कोपर, मग खांदा, मग बाणाचं टोक दिसेल इतकं. मागून ते गृहस्थ म्हणाले, "खाली घ्या. हळूहळू. दोरी सोडू नका."

बोटं मला जाणवत नव्हती. दोरी त्यांच्यात आहे की निसटते आहे, कळेना. मी टोक जमिनीकडे वळवलं आणि उजवा हात थोडा थोडा पुढे नेला. दोरी मला ओढत होती, मी तिला धरून ठेवत होते. शेवटी ती सरळ झाली, बाण खोबणीतून घसरून मुठीवर वाजला, आणि त्या एवढ्याशा आवाजाने हरणाने उडी घेतली. पांढरा पार्श्वभाग झाडांमध्ये दोनदा चमकला. मग फोमचं हरीण एकटंच उभं होतं.

मी ओल्या पानांवर खाली बसले. मुलीने माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलं. त्यासाठी तिला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

"त्याच्या बाबतीत असं कधी झालं होतं?" मी गृहस्थांना विचारलं.

"त्याच्या?" ते म्हणाले. "तो बरोबर असताना खरं हरीण या बाजूला फिरकलं असतं का?"

मुलगी हसली. तेही हसले. मी तोंड हसल्यासारखं केलं आणि उठले.

परतताना मुलीने रस्त्यातल्या एका दुकानातून चिप्स घेतल्या. गाडीतच बसून खाल्ल्या. काचांवर वाफ धरली होती. मला उजवा हात तोंडापर्यंत नेता येत नव्हता, म्हणून डाव्याने खात होते.

"आई, मला लीड्सला जॉब मिळाली आहे," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. लास्ट वीकमध्येच. तुला कसं सांगू कळत नव्हतं."

"चांगलं झालं."

"रागावली आहे का?"

"नाही."

तिने चिप्सचा कागद डॅशबोर्डवर ठेवला. "तुला कशाचंच काही वाटत नाही का? आय मीन, मी जाते त्याचं पण नाही? बाबाचं पण नाही? मी विचारते फक्त. आय ऍम नॉट क्रॉस."

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं काय ते नीट सापडत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मघाशी ते हरीण जाऊ नये असं वाटलं होतं."

 व्हिनेगरचा वास येणारा हात तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने काच पुसली.

"ओके," ती म्हणाली. "ओके."

सोमवारी फार्मसीत वरच्या फळीवरचं खोकं काढायला हात वर केला आणि खांद्यातून अशी कळ गेली की खोकं तसंच सोडून दिलं. सोबतच्या बाईने मला खुर्चीत बसवलं, चहा आणून दिला. ती कळ आठवडाभर राहिली. रात्री कुशीवर वळले की जाग यायची आणि मी खांदा धरून पडून राहायचे. कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, पण मी गोळी घेतली नाही.

मुलगी नोव्हेंबरअखेर गेली. मी तिच्याबरोबर चटण्या, भाजणी, छोटा कुकर दिला. गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिले, मग आत येऊन भांडी घासली. रविवारी कधी जंगलात जाते, कधी जात नाही. माझा नेम बेताचाच आहे. नणंद अजून शनिवारी येतात. आता जरा उशिरा येतात आणि लवकर निघतात.

मुलगी संध्याकाळी फोन करते. परवा म्हणाली, "आई, मी मेथी केला. खूप कडू झाला."

"मीठ लावून पिळून घेतली होतीस का?"

"ते करायचं असतं?"

"मग काय केलंस? टाकून दिलीस?"

"नाही. खाल्ला."

"खाल्ली," मी म्हणाले.

"खाल्ली," ती म्हणाली.