साडूंचा झोत आणि अणदूरचे आबा

आमचे साडू जगातली कुठलीही गोष्ट आधी सांगून करत नाहीत. लग्नाचा होकारसुद्धा त्यांनी पोह्यांची बशी हातात असताना, कुणी विचारायच्या आत देऊन टाकला होता. आमच्याकडं नळदुर्गला येतात तेही नेमके मी पंच्यावर असताना. दोष त्यांच्या नोकरीचा. प्रयोगशाळेत ते धातूच्या पत्र्यावर लेसरचा झोत मारतात. झोत केवढ्या वेळाचा, तर सेकंदाचे एक कोटी भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी, आणि त्यातले पंचवीस-तीस घ्यायचे. तेवढ्यात अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धातूचा दाट, धगधगता प्लाझ्मा होतो. "मग यात अवघड काय?" मी एकदा विचारलं. "दादा, मुख्य झोताच्या आधी एक किरकोळ झोत निसटतो. त्यानं पत्र्यावर आधीच ढग उठतो आन् खरा झोत ढगातच अडतो. आत धातूला पत्ताच न्हाय."

हे कळूनही मी जे करायचं नाही तेच केलं. साडूंचे वडील, आबा, जवळच अणदूरला एकटे राहतात. चार पावलं चाललं की त्यांच्या छातीत कळ यायला लागली, तेव्हा साडूंनी बेत केला: शनिवारी गाडी दारात, 'बसा' म्हणायचं आणि थेट सोलापूरला हृदयाची तपासणी. बेत फक्त मला सांगितला. म्हाताऱ्याच्या मनाची तयारी करावी म्हणून मी शुक्रवारीच गेलो आणि चहा पिता पिता एवढंच म्हणालो, "आबा, उद्याला धुतलेलं धोतर काढून ठेवा."

शनिवारी साडूंनी तोंड उघडायच्या आत आबा सुरू झाले. "म्हस आज-उद्या विणार हाय. देवळात माझी पुजेची पाळी हाय. आन् छातीत काय न्हाय, वांगं बाधलंय."

साडू शांतपणे माझ्याकडं वळले. "किरकोळ झोत तुमीच व्हय दादा?" मी चपला शोधायला लागलो. गाडी रिकामीच परतली.

प्रयोगशाळेत एका जागी दुसरा झोत मारत नाहीत, पत्रा जरा सरकवतात. पंधरा दिवसांनी साडू मला न सांगता आले, आबांना शेताच्या बांधावर गाठलं आणि गाडीचं दार उघडलं. आबा बसले. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि किरकोळ झोत नव्हता म्हणूनच जमलं, हे शास्त्र मला साडूंकडून फोनवर अर्धा तास ऐकावं लागलं.

परवा आबांना चिडवलं, "बोलायला सवडच मिळाली न्हाय ना त्या दिवशी?"

"सवड लई होती," आबा म्हणाले. "दारावर पोराचा हात थरथरत होता. ते बघितलं अन् म्या बसलो."

साडूंना हे सांगायला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा ते आपल्या शास्त्रावर इतके खूश होते की मी त्यांच्याकडं पाऊस आहे का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.