तीन लाकडांना एक रंग

कोल्हारला आमचं घर बांधून झालं, तेव्हा दारं-खिडक्या आधीच तयार होत्या. वडील सुतार आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांत लोकांच्या चौकटी बसवल्या. आमच्याकडे पूर्वी अशी रीत होती, की लाकूड घरमालकानं आणायचं आणि काम उरकलं की उरलेले तुकडे त्यानंच सुताराला द्यायचे. बहुतेक सुतारांच्या घरी ते चुलीत जात. दादा मात्र त्यातले लांब, सरळ तुकडे निवडून पत्र्याखाली रचून ठेवत. आमच्या घरातली सगळी दारं, चौकटी, खिडक्या, इतकंच काय, खुर्च्यांनी भिंत घासू नये म्हणून बैठकीत कमरेच्या उंचीवर मारलेली लाकडी पट्टीसुद्धा त्या तुकड्यांचीच आहे. काही बाभूळ, काही कडुनिंब, थोडं सागवान.

भिंतींचा रंग निवडायचं काम दादांनी माझ्यावर सोपवलं. "तू शिकलेली हायेस, तुला कळंल," एवढंच म्हणाले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गावातल्या शाळेत शिकले, पुढं रोज एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं आणि आता नगरला शाळेत विज्ञान शिकवते. तरी आजवर घरातली एकही गोष्ट दादांनी मला विचारून केली नव्हती. त्यामुळे मी ते काम परीक्षेसारखं घेतलं. दोन आठवडे शेडकार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कार्ड चौकटीला लावून पाहिलं. कोरं, धूळ बसलेलं लाकूड. त्याला फिका राखाडी रंग छान दिसत होता. हल्ली सगळीकडे तोच असतो. मी तो पक्का केला.

रंगाचं काम गावातल्या रंगारी चाचांकडे होतं. दादांनी ज्या घराच्या चौकटी बसवायच्या, त्या घराला मागाहून रंग चाचांनी द्यायचा, असं दोघांचं पूर्वीपासून चालत आलेलं. चाचांनी बैठकीची एक भिंत राखाडी करून दिली आणि डबा खाली ठेवून विचारलं, "आता चौकटींना चॉकलेटी ऑइलपेंट ना? दोन हात मारतो, झाकून जाईल सगळं."

"झाकायचं कशाला?" मी म्हणाले. "पॉलिश करायचं. लाकूड दिसलं पाहिजे."

दादा खिडकीच्या बिजागरीशी काहीतरी करत होते. मान न वळवता म्हणाले, "ऑइलपेंटच मारा."

"दादा, एवढं सुंदर काम तुम्ही केलंय."

"काम सुंदर हाय. लाकूड न्हाई."

मी वाद घातला. ते बिजागरीचा स्क्रू पिळत राहिले. चहा घेऊन आलेली आई सरळ म्हणाली, "त्यांना भ्या वाटतंय गं. एका दारात तीन झाडं. लोकं म्हंतील, सुतारानं ज्याच्या त्याच्या घरचं आणून जोडलं. कुणी असंबी म्हनंल, दिलेलं कशावरून, उचलून आणलं असंल."

दादा उठले. "आईचं ऐकू नको. तुला दावतोच," असं म्हणत त्यांनी पेटीतून रंधा काढला. तीन लाकडांचे तीन शिल्लक तुकडे घेतले, वरचा थर काढला आणि चिंधी जवसाच्या तेलात बुडवून त्यांच्यावर फिरवली. लाकूड ओलं झाल्याशिवाय आपला रंग सांगत नाही, हे सुताराच्या घरात वाढूनही मी विसरले होते. कोरड्या लाकडावरून मी भिंत ठरवली होती.

बाभूळ गडद तांबूस झाली. निंब विटेच्या रंगाकडे गेला. सागवान मधासारखं पिवळसर. "बघ," दादा म्हणाले. "हायेत का एका घरातले?" आणि तिन्ही तुकडे त्यांनी माझ्या राखाडी भिंतीला टेकवून उभे केले.

खरंच वाईट दिसत होते. बाभूळ गंजल्यासारखी, सागवान आजारी. चाचा हसले. "मास्तरीनबाई, नापास."

मला तुकड्यांचा दोष वाटेना. भिंतीचा होता. मी ते अंगणात नेऊन गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीशी धरले, तर तिथं ते आपापल्या रंगानं उठून दिसले, पण फारच वेगळे वेगळे. मग मागच्या दारी घासाच्या वाफ्यापुढे धरले. हिरव्यापुढे तिघांतला तांबूसपणाच आधी डोळ्यांत भरत होता. तो तिघांत होता, कमी-जास्त एवढंच.

"चाचा, पांढऱ्यात थोडा हिरवा मिसळता येईल? अगदी थोडा."

"पिस्ता?"

"पिस्ता नको. हुरड्याच्या दाण्यासारखा. त्यातही दूध घातल्यासारखा."

चाचांनी वाटीवाटीनं रंग कालवला. राखाडी भिंतीवर आधी पांढरा हात देऊन त्यावर ओळीनं चौकोन मारले. पहिला पोपटी, दुसरा दवाखान्यासारखा, तिसरा बरा. चौथ्यात त्यांनी चिमूटभर पिवळा टाकला. वाळेपर्यंत आम्ही जेवून घेतलं. मग दादांनी स्वतः तुकडे उचलले आणि चौथ्या चौकोनाशी धरले. बराच वेळ धरून ठेवले. जागा बदलून बाभूळ मध्ये घेतली, पुन्हा पाहिलं.

"भावकी वाटतीय आता," ते म्हणाले.

"मग ऑइलपेंट?" चाचांनी विचारलं.

"जरा थांबा की."

दुसऱ्या दिवसापासून दादांनीच पॉलिशपेपर हातात घेतला. चाचांना लाकडाला हात लावू दिला नाही. आठ दिवस घासणं, पुसणं, मग पॉलिशचा पातळ हात, परत घासणं. मी शनिवारी आले तेव्हा भिंती पूर्ण झाल्या होत्या आणि त्या फिक्या हिरव्यावर बैठकीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती. बाभूळ संपून सागवान कुठं लागतं, सागवान संपून निंब कुठं लागतो, ते स्पष्ट दिसत होतं. सांधा मात्र नखाला लागत नव्हता. कॉलेजात मी लाकडाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची आकृती काढली होती, मार्कही चांगले पडले होते. पण ही पट्टी पाहताना मला वाटलं, मी शिकले ते ज्यांच्या जिवावर, त्यांच्या विद्येची आकृती आज पहिल्यांदा नीट पाहते आहे.

वास्तुशांतीला गावातले एक मोठे बागायतदार आले. त्यांच्या जुन्या बंगल्याची दारं दादांनीच केलेली. जेवून उठल्यावर ते पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "मिस्त्री, लाकूड कुठलं हे?"

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मीही.

"मधला सागवान तुमचाच हाय, मालक," दादा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या देवघराच्या दारातनं उरलेला. तुमीच दिल्ता. अलीकडची बाभूळ खालच्या आळीतली, पलीकडचा निंब पुणतांब्याचा."

बागायतदार वाकून बघू लागले. "आणि आमची दारं का अशी दिसत न्हाईत?"

"तुमी चॉकलेटी ऑइलपेंट मारायला लावला."

लोक हसले. बागायतदारही हसले आणि रंग खरवडून काढता येईल का, म्हणून विचारू लागले. "येतो की," दादा म्हणाले. "पर मग भिंतीबी बदलाव्या लागतील. रंगाचं माझ्या पोरीला विचारा." आणि त्यांना हाताला धरून, कुठलं लाकूड कुणाच्या घरचं ते एकेक सांगत, दादा पुढच्या खोलीच्या चौकटीकडे घेऊन गेले.