माहिती देणारा: भाऊ

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले, आणि मी पहिला प्रश्न काय विचारला? "साहेब, हे कागदावर लिहावंच लागतं का?" धाकटी बहीण सिंधू शेजारी पदराचं टोक पिळत बसली होती. ती बरी होईल का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तुमच्या घरात असं कोणी असेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटतात. मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. आम्ही चार वर्षं त्याला 'बाहेरचं' म्हणत होतो. साक्रीकडच्या आमच्या गावात भगत झाला, लिंबं झाली, सल्ले द्यायला बठ्ठं, म्हणजे अख्खं गाव होतं. दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही, आणि मी म्हणे शिकलेला! धुळ्यातच, देवपुरात शाळेत कारकून.

धुळ्याला भरती करताना वॉर्डातल्या सिस्टर कागद घेऊन बसल्या. याला नर्सिंग असेसमेंट म्हणतात. झोप, जेवण, आवाज, जिवाला धोका, सगळं विचारून लिहितात आणि पेशंटवर किती नजर ठेवायची ते त्यावरून ठरतं. प्रश्न सिंधूला होते, उत्तरं मी देत होतो. तिला अहिराणीच येते, सिस्टर शुद्ध बोलत होत्या, म्हटलं आपण मध्ये पडलेलं बरं. तसंही आमच्याकडे बाईचं दुखणं डॉक्टरला पुरुषच सांगतो.

"याआधी कधी जीव द्यायचा प्रयत्न?"

"छे छे. एकदा विहिरीवर पाय घसरला होता, तेवढंच."

घसरला! लोकांना सांगून सांगून ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. माझ्या मुलीची सोयरीक चालली होती. आत्याने विहिरीत उडी घेतली हे कळलं असतं तर पाहुणे दारात उभे राहिले नसते. सिंधूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सिस्टरांनी लिहिलं, 'धोका कमी'.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा आणायला गेलो. परत येतो तर खाट रिकामी. गच्चीच्या जिन्यात, अगदी वरच्या पायरीवर, सिस्टरांनी तिला दंडाला धरून ठेवलं होतं. दोघी धापा टाकत होत्या. चहा माझ्या पायावर सांडला, पाय भाजल्याचं नंतर कळलं.

सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही बाहेर थांबा," एवढंच म्हणाल्या. दार अर्धं उघडं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "सिंधूताई, काय व्हई राहिनं तुले? माले सांग."

बाई शिरपूरकडच्या, आमच्यासारख्याच अहिराणी बोलणाऱ्या निघाल्या! आणि मी तीन दिवस दुभाषा म्हणून मिरवत होतो.

सिंधू तासभर बोलत होती. विहीर, ती उडी, खालून हाक मारणारा आमचा मेलेला बाप, सगळं. शेवटी रडत म्हणाली, "चार साल व्हयनात, माले कोनी इचारंच नही. भाऊच बोलस."

मग तिची खाट सिस्टरांच्या टेबलासमोर आली. चोवीस तास नजर. गोळी गिळेपर्यंत सिस्टर समोर उभ्या, "गोया खास ना?" विचारत. पाच आठवड्यांनी आवाज हळू झाले. पुरते गेलेले नाहीत. दरम्यान मुलीची सोयरीक मोडली ती मोडलीच. ज्यांच्यासाठी मी बहिणीचं तोंड बंद केलं, त्या पाहुण्यांना विहिरीचं आधीपासून माहीत होतं; त्यांना खुपलं ते माझं लपवणं.

सिंधूला घरी सोडलं त्या दिवशी फाईल नोंदणीच्या खिडकीवर न्यायला माझ्या हातात दिली. कारकुनाची खोड, वाचली. पहिल्या पानावर 'माहिती देणारा: भाऊ. विश्वासार्ह.' त्यावर लाल रेघ. खाली त्याच अक्षरात, 'माहिती देणारा: पेशंट स्वतः. विश्वासार्ह.' जन्मभर लोकांच्या दाखल्यांवर शिक्के मारले, पण त्या लाल रेघेपुढे माझी मान वर होईना. त्या सिस्टर नसत्या तर मी कुणाला घेऊन घरी गेलो असतो?

साक्रीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी मलाच विचारलं, "बहिणीला काय झालं हो, दादा?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

"तिलाच विचारा," म्हटलं.

सिंधूने खिडकीवरचा हात काढला आणि बाईंकडे वळली. "बिमार व्हती मी," ती म्हणाली. "आते गोया खास."