जावयाच्या नावाचं दुकान

चंद्रभानला कारखान्याच्या भट्टीवरून सुटायचं होतं. भट्टीच्या धुरानं त्याची छाती पार पोखरली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, तिथून निघा, नाहीतर... पुढचं डॉक्टर बोलला नव्हता. कारखाना दारूगोळ्याचा. तिथले गुप्त नकाशे सांभाळायच्या खोलीत जागा निघाली आणि साहेबांनी चंद्रभानचं नाव सुचवलं. फक्त पोलीस चौकशी तेवढी बाकी होती.

चौकशीचा माणूस प्रताप नगरात घरी येऊन गेला तेव्हा चंद्रभान ड्यूटीवर होता. "लय भला मानूस," त्याची बायको प्रेमिला म्हणाली. "चहा पेला, दोन गोष्टी इचारल्या अन् गेला."

मग महिना उलटला तरी काही कळेना. साहेब नजर चुकवू लागले. चंद्रभान रोज भट्टीपाशी खोकत उभा राहायचा.

शेवटी एकदाचं बोलावणं आलं. टेबलामागचा अधिकारी आवाज न चढवता बोलत होता, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"अर्जात 'धंदा होता का', याला तुम्ही 'नाही' लिहिलंत. तुमच्या पत्नी तर कौतुकानं सांगतात, यांना साधे समजू नका, सीताबर्डीवर यांच्या नावाचं भांड्यांचं दुकान होतं. आम्ही तपास केला. त्या दुकानाचा विक्रीकर अजून थकलेला आहे."

दुकान काटोलच्या सासऱ्यांचं, गणपतरावांचं. जावयाचा मान म्हणून त्यांनी ते हौसेनं चंद्रभानच्या नावानं काढलं होतं. नवं धोतर आणि नारळ हाती ठेवला, आणि यानं दाखवतील तिथं सह्या ठोकल्या. आपली माणसं सही करताना आहेर बघतात, कागद कोण बघतो! गल्ल्यावर सासरेच बसले. पुढं दुकान बुडालं, तेव्हा "सगळं निस्तरलं, जावईबापू," एवढं ते म्हणाले. सासऱ्याला हिशेब विचारायचा कसा? हा मुकाट राहिला.

"दुकान सासऱ्यांचं होतं, साहेब."

"मग सह्या खोट्या का?"

"सह्या माझ्याच, साहेब," चंद्रभान म्हणाला.

"सरकारचं देणं थकवून जो लपवतो, त्याला उद्या कुणीही कोपऱ्यात गाठून नकाशे मागेल. नकाशांपाशी असा माणूस आम्हाला नको."

"मी पैसे भरतो, साहेब."

"ते भरावे लागतीलच. जागा मात्र दुसऱ्याला दिली. तुम्ही भट्टीवरच राहा."

घरी आल्यावर त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. भिंतीला टेकून बसला. "बदली गेली वं. तुया बाबानं दुकानाचा कर भरलाच नोयता. तिकडे समजलं."

नवऱ्याची रात्रंदिवस चालणारी ढास प्रेमिला ऐकत होती; ही बदली म्हणजे काय ते तिला सांगायला नको होतं. दुकान तिच्या लेखी माहेरची शोभा. ते तिनं चौकशीवाल्यापुढं मिरवलं होतं; त्यात सांगू नये असं काही असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"कोन्या जळकुकड्यानं चुगली केली असन?" ती रडत, हात आपटत म्हणाली. "ज्यानं सांगतलं ना, त्याच्या घरातला कमावता मानूस..."

चंद्रभाननं धडपडत उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको वं," तो म्हणाला. "असं नको बोलू." आणि त्याला खोकल्याची उबळ आली.